खान्देशातून परदेशी युवा शिबिराला: कचऱ्याचं शिक्षण घेऊ पाहणाऱ्यांसाठी पायरीवार वाट

‘इंटरनॅशनल युथ एक्स्चेंज’ हे शब्द कानावर पडले की घरात दोनच प्रतिक्रिया उमटतात. आईला वाटतं पोरगी हातची गेली, वडिलांना वाटतं लाख-दोन लाख गेले. दोघांचीही घाई होते.

युवा विनिमय म्हणजे सहलही नाही आणि परदेशी पदवीही नाही. वेगवेगळ्या देशांतली वीस-तीस पोरं आठवडा ते तीन आठवडे एका जागी राहतात, सोबत रांधतात, सोबत राबतात आणि एखादा विषय धरून शिकतात. काही प्रकारांत तर वर्षभर परक्या कुटुंबात राहायचं असतं. आपला विषय कचरा, पुनर्वापर आणि पर्यावरणाची जबाबदारी. या विषयावरची शिबिरं जगभर भरतात, आणि जळगाव, धुळे, नंदुरबारच्या पोरांनाही त्यात जागा आहे. फक्त कोणतं दार आपल्यासाठी उघडं आहे, हे आधी कळायला हवं.

माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. आपल्या गल्लीतली घंटागाडी कचरा कुठे नेऊन टाकते हे ज्याला माहीत नाही, त्याने अर्ज भरायची घाई करू नये. पासपोर्ट मात्र खुशाल काढून ठेवावा.

पायरी १: दार ओळखा

इंटरनेटवर शोधलं की सगळ्यात आधी युरोपीय संघाच्या ‘इरॅस्मस प्लस’ योजनेची युवा शिबिरं दिसतात. वय १३ ते ३०, मुक्काम ५ ते २१ दिवस, राहणं-खाणं फुकट, वर प्रवासालाही पैसे. पोरं हरखून जातात. पण २०२१ ते २०२७ या कालावधीच्या नियमांत ही शिबिरं युरोपीय संघाचे देश, त्याला जोडलेले देश आणि त्याच्या शेजारचे देश एवढ्यांपुरतीच आहेत. भारत त्यात बसत नाही. तेव्हा ‘इरॅस्मसच्या शिबिरात सीट मिळवून देतो, पन्नास हजार भरा’ असं कुणी म्हणालं की चहा संपवायचा आणि उठायचं. पदव्युत्तर शिक्षणाची ‘इरॅस्मस मुंडस’ शिष्यवृत्ती भारतीयांना खुली आहे, पण तो विषय वेगळा. तरीही या शिबिरांची माहितीपत्रकं जरूर वाचा. दिवसभराचं वेळापत्रक कसं आखतात, कचऱ्यावरचे खेळ कसे घेतात, हे त्यात फुकट शिकायला मिळतं.

आपल्याकडे सगळ्यात जवळचं दार रोटरीचं. बऱ्याच तालुक्याच्या गावी रोटरीचा क्लब असतो. रोटरी युथ एक्स्चेंज साधारण १५ ते १९ वयासाठी आहे. एक प्रकार काही आठवड्यांचा, दुसरा शैक्षणिक वर्षाचा. आईवडील रोटरीचे सभासद असलेच पाहिजेत अशी अट नाही, पण क्लबने तुम्हाला पाठवायला हवं. त्यामुळे क्लबच्या अध्यक्षांना भेटणं हीच पहिली परीक्षा. २०२१ पासून पर्यावरण हे रोटरीचं सातवं कार्यक्षेत्र झालं आहे, त्यामुळे कचऱ्याचा विषय घेऊन गेलात तर आता ऐकून घेतात. वर्षभराच्या कार्यक्रमाची तयारी वर्षभर आधीच सुरू होते. जूनमध्ये जायचं आणि मार्चमध्ये विचारायला गेलात तर गाडी सुटलेली असते.

अठरा पूर्ण झालेल्यांसाठी ‘वर्ककॅम्प’ हे दार मला सगळ्यात प्रामाणिक वाटतं. सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल ही संस्था १९२० मध्ये पिएर सेरेझोल यांनी सुरू केली. पहिल्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेलं फ्रान्समधलं गाव वेगवेगळ्या देशांच्या लोकांनी मिळून उभं करायचं, हे तिचं पहिलं काम. १९३४ च्या बिहार भूकंपानंतर सेरेझोल स्वतः भारतात येऊन राबले. आजच्या वर्ककॅम्पमध्ये दोन-तीन आठवडे काम असतं. कुठे नदीकाठ साफ करायचा, कुठे महोत्सवात कचरा वेगळा करायचा, कुठे जुन्या लाकडाचं काही उभारायचं. जेवण आणि निवारा यजमानांचा, प्रवास आणि व्हिसा तुमचा. अर्ज थेट परदेशात न करता भारतातल्या शाखेमार्फत करायचा.

जपानचा ‘साकुरा सायन्स’ हा परदेशी विद्यार्थ्यांना विज्ञानासाठी बोलावणारा कार्यक्रम २०१४ पासून चालू आहे आणि खर्च जपान करतं. पण शाळकरी मुलांना त्यात थेट अर्ज करता येत नाही, निवड सरकारी यंत्रणेतून होते. जिल्हा परिषदेच्या शाळांनी हे लक्षात ठेवावं, कारण शाळकरी मुलांच्या विज्ञानातल्या कल्पना निवडणाऱ्या केंद्र सरकारच्या ‘इन्स्पायर-मानक’ योजनेत राष्ट्रीय पातळीवर चमकलेल्या मुलांमधूनही जपानला पाठवलं गेलं आहे. शाळेने पोर्टलवर पोराची कल्पना भरणं ही त्या वाटेची पहिली पायरी, आणि कित्येक शाळा नेमकी तीच चुकवतात. एनसीसीचे कॅडेट युथ एक्स्चेंजवर जातात, एनएसएसवाल्यांनी कार्यक्रम अधिकाऱ्याच्या मागे लागावं आणि केंद्र सरकारच्या युवकांसाठीच्या ‘माय भारत’ पोर्टलवर नाव नोंदवून ठेवावं.

आणि ज्यांच्याकडे तिकिटाचे पैसेच नाहीत? त्यांच्यासाठी घरबसल्या विनिमय आहे. ‘इको-स्कूल्स’ हा १९९४ पासूनचा आंतरराष्ट्रीय कार्यक्रम भारतात अहमदाबादचं पर्यावरण शिक्षण केंद्र, म्हणजे सीईई, चालवतं. ‘यंग रिपोर्टर्स फॉर द एन्व्हायर्नमेंट’ उपक्रमात ११ ते २५ वयाची मुलं आपल्या गावच्या प्रश्नावर लेख, फोटो, व्हिडिओ करतात आणि इतर देशांतल्या मुलांसोबत मिळूनही बातमी करू शकतात. ‘आयअर्न’ वर्गा-वर्गांना प्रकल्पासाठी जोडून देतं. ऑनलाइन म्हणजे दुय्यम असं समजू नका. पुढच्या प्रत्यक्ष शिबिराच्या अर्जात हाच अनुभव कामी येतो.

पायरी २: घरचा कचरा मोजा

ही पायरी सगळे टाळतात, म्हणून इथे जरा थांबू.

आठवडाभर घरात तीन बादल्या ठेवा. एकीत ओला, दुसरीत भंगारवाला घेईल असा सुका, तिसरीत जो कुणीच घेत नाही तो. रोज रात्री वजन करून वहीत लिहा. किराणा दुकानातला काटा दोन मिनिटं मागायला लाज वाटायचं कारण नाही. आठवड्याअखेर तिसरी बादली पालथी करा आणि आत काय आहे ते नीट बघा. वेफर्सची पाकिटं, शाम्पूच्या पुड्या, आणि राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी असूनही निघतात त्या पुड्या. ही वेष्टनं प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर एकमेकांवर चिकटवून केलेली असतात. ते थर सुटे करणं परवडत नाही, म्हणून भंगारात त्यांना किंमत नाही.

मग भंगाराच्या दुकानात जा. मालकाला काका म्हणा, गर्दी नसेल तेव्हा जा, आणि माल कसा ओळखता एवढंच विचारा. तो हातात घेऊन वाकवेल, नखाने कुरतडेल, पाण्यात टाकेल. पाण्याचा प्रयोग घरीही करता येतो. पाण्याच्या बाटलीचा एक तुकडा आणि तिच्याच झाकणाचा एक तुकडा कापून बादलीत टाका. बाटली ‘पेट’ (PET) नावाच्या प्लास्टिकची, ती तळाला जाते. झाकण पॉलिथिन किंवा पॉलिप्रॉपिलीनचं, ते वर तरंगतं. कारखान्यातही दोन्ही असेच वेगळे करतात. आता पीव्हीसी पाइपचा तुकडा टाका. तोही बुडतो. म्हणजे पेट आणि पीव्हीसी पाण्याने वेगळे होत नाहीत, आणि अडचण तिथेच आहे. पेट वितळतं साधारण अडीचशे अंशांच्या पुढे. पीव्हीसी त्याच्या बरंच आधी कुजायला लागतं, आम्ल सोडतं आणि अख्खा घाणा पिवळा पाडतं. पाइपांच्या कारखान्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या जळगावातल्या पोराने हे परदेशी पोरांना बादली घेऊन करून दाखवलं, तर त्याला वेगळं प्रेझेंटेशन लागत नाही. जाळून वास घेऊन प्लास्टिक ओळखायची पद्धतही बाजारात आहे, पण तो धूर विषारी असतो. तो प्रयोग करू नका.

जळगावच्या एमआयडीसीत चटईचे कारखाने आहेत. भंगारातल्या प्लास्टिकचा दाणा होतो, दाण्याची पट्टी होते, पट्टीची चटई विणली जाते. एखाद्या युनिटची परवानगी मिळाली तर कॉलेजच्या पत्रावर गट घेऊन जा. आपल्या घरात अंथरलेली चटई आधी काय होती, हे तिथे समजतं.

शेतातला कचरा मोजायला विसरू नका, कारण खान्देशाची खरी ओळख तिथे आहे. रावेर-यावलच्या केळीला २०१६ मध्ये ‘जळगाव केळी’ म्हणून भौगोलिक मानांकन मिळालं. पण घडावर चढवलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या काढणीनंतर कुठे जातात? ठिबकच्या फाटक्या नळ्या भंगारात जातात, कारण त्यांना भाव आहे. मल्चिंगचा पेपर, म्हणजे पिकाभोवती जमिनीवर अंथरायचं पातळ प्लास्टिक, मातीने माखलेला असतो, तो कुणी घेत नाही आणि बांधावर पेटतो. कपाशीची पऱ्हाटीही पेटते. केळीच्या खोडापासून धागा काढणारी यंत्रं आली आहेत, तरी बरीच खोडं अजून बांधावरच सडतात. यातला एकच प्रश्न निवडा, तुमच्या घरचा किंवा मामाच्या शेतातला.

पायरी ३: अर्ज लिहा

‘मला लहानपणापासून निसर्गाची आवड आहे’ हे वाक्य आधी खोडा. निवड करणाऱ्याच्या टेबलावर त्या वाक्याचा ढीग पडलेला असतो. त्याऐवजी वहीतला आकडा लिहा: आमच्या पाच माणसांच्या घरातून आठवड्याला इतके किलो कचरा निघाला, त्यातला इतका भंगारात गेला, उरलेल्या वेष्टनांचं काय करायचं हे गावात कुणालाच माहीत नाही, आणि तुमच्या गावात त्याचं काय होतं ते मला बघायचं आहे. इंग्रजी साधं असलं तरी चालतं. भाच्याकडून किंवा मोबाइलकडून गुळगुळीत करून घेतलेला अर्ज मुलाखतीत उघडा पडतो.

शेवटच्या परिच्छेदात परत आल्यावर काय करणार ते लिहा. ‘जनजागृती करीन’ असं नको. कुठे, कुणासोबत, कोणत्या महिन्यात, ते लिहा.

पायरी ४: कागदपत्रं

खान्देशात सगळ्यात जास्त अडतं ते नावाच्या स्पेलिंगवर. शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरं, वडिलांच्या नावात ‘राव’ कधी आहे कधी नाही. हे आधी एकसारखं करून घ्या, कारण पासपोर्टवर छापलेलं नावच पुढे व्हिसा, तिकीट आणि विम्यावर जातं. ३६ पानी पासपोर्टचं साधं शुल्क प्रौढांना १५०० रुपये आणि १८ वर्षांखालच्यांना १००० रुपये आहे. अल्पवयीन मुलाच्या अर्जाला पालकांचं घोषणापत्र लागतं. अर्ज आणि अपॉइंटमेंट सरकारी पासपोर्ट सेवा पोर्टलवरच घ्या. त्याच्यासारख्या दिसणाऱ्या खासगी साइट जादा पैसे उकळतात.

युरोपातल्या बहुतेक देशांसाठी शेंगेन व्हिसा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून १५ दिवस आधीपर्यंत अर्ज करता येतो, पण शेवटच्या पंधरवड्याच्या भरवशावर राहू नका. उन्हाळ्यात अपॉइंटमेंटच मिळत नाही, आणि बोटांचे ठसे द्यायला मुंबई-पुण्याची फेरी आहेच. किमान ३० हजार युरोचा प्रवास-आरोग्य विमा लागतो. शुल्क २०२४ च्या जूनपासून प्रौढांना ९० युरो आहे. पण एक सवलत पुष्कळांना ठाऊक नसते. ना-नफा संस्थेचे प्रतिनिधी म्हणून ना-नफा संस्थेनेच भरवलेल्या परिषदेला, शैक्षणिक किंवा सांस्कृतिक कार्यक्रमाला जाणाऱ्या २५ वर्षांपर्यंतच्या तरुणांना हे शुल्क माफ आहे. अभ्यासदौऱ्यावर जाणारे विद्यार्थी आणि सोबतचे शिक्षक यांनाही आहे. निमंत्रणपत्रात तसं स्पष्ट लिहून मागा. अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राचं सेवाशुल्क मात्र बहुधा द्यावं लागतं.

निमंत्रणपत्रात संस्थेचा नोंदणी क्रमांक, मुक्कामाचा पत्ता, तारखा आणि कोणता खर्च कोण करणार, हे चार मुद्दे हवेतच. १८ खालच्यांसाठी दोन्ही पालकांचं नोटरी केलेलं संमतीपत्र तयार ठेवा.

पायरी ५: पैसे

‘पूर्ण खर्च आम्ही करू’ म्हणणारे कार्यक्रमही जिल्ह्यापासून मुंबई विमानतळापर्यंतचा खर्च क्वचितच देतात. तो, विमा आणि हातखर्च धरून चाला. गावात वर्गणी किंवा दाते शोधत असाल तर त्यांना आधीच हिशेबाचा कागद द्या. पैसे व्यक्तीच्या यूपीआयवर मागणारी, ‘आज भरलं नाही तर जागा जाईल’ म्हणणारी, निवडीआधीच प्रमाणपत्राचा नमुना पाठवणारी संस्था दिसली तर लांब राहा.

पायरी ६: तिथे काय बघायचं

जर्मनीत २००३ पासून एकदाच वापरायच्या बाटल्या आणि कॅनवर २५ सेंट अनामत असते. सुपरमार्केटच्या यंत्रात बाटली सारली की पैसे परत. यंत्राचा फोटो सगळेच काढतात. तुम्ही जरा रस्त्यावरच्या कचरापेटीकडे बघा. पुष्कळ लोक बाटली पेटीत न टाकता बाजूला ठेवतात, म्हणजे बाटल्या गोळा करून जगणाऱ्याला हात घालून चाचपावं लागत नाही. आपल्याकडे कचरा वेचणाऱ्या बायांसाठी इतकं तरी कोण करतं?

जपानमधलं कामिकात्सु गाव २००३ मध्ये शून्य कचऱ्याचा संकल्प करून जगभर गाजलं. तिथे चाळीसहून जास्त प्रकारांत वर्गीकरण होतं, कचरा न्यायला गाडी येत नाही, लोक स्वतः केंद्रावर आणून देतात आणि सुमारे ८० टक्के कचरा पुन्हा वापरात जातो. पण भारावून जाण्याआधी हेही लिहून घ्या की संपूर्ण जपानचा पुनर्वापराचा दर २० टक्क्यांच्या आसपासच आहे आणि उरलेलं बहुतेक जाळलं जातं. कामिकात्सु दीड हजारांच्या आतलं गाव आहे. तिथलं गणित भुसावळला जसंच्या तसं लागणार नाही.

आपल्याला बोलायची वेळ आली की माफीच्या सुरात बोलू नका. आपलं प्लास्टिक भंगारापर्यंत पोहोचतं ते कुठल्या यंत्रामुळे नाही, माणसांच्या साखळीमुळे. त्या माणसांना हातमोजे, ओळखपत्र आणि धड भाव मिळत नाही, ही बाजूही त्याच दमात सांगा.

पायरी ७: पाहुणे आपल्याकडे बोलवा

विनिमय दोन्ही बाजूंनी व्हावा लागतो. पाहुण्यांना नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच बोलवा. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेलेल्या जळगावात परदेशी पोरांना कचरा उचलायला लावणं हा अत्याचार आहे. शिवाय हिवाळा भरताच्या वांग्यांचा. शेतात भरीत पार्टी, केळीच्या पानावर वाढलेलं कळण्याच्या भाकरीचं जेवण: मागे राहतो तो कचरा गुरं खातात. शेवभाजीचा झणझणीत रस्सा मात्र पहिल्याच दिवशी वाढू नका.

कायद्याचं बघा. ई-टुरिस्ट व्हिसावर एक महिन्यापर्यंत बिनमोबदल्याचं स्वयंसेवी काम चालतं. परदेशी पाहुणा घरी उतरला की २४ तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन भरावी लागते, ज्याला सगळे ‘सी फॉर्म’ म्हणतात. पोलीस ठाण्यात एकदा जाऊन कल्पना दिलेली बरी. आणि परदेशी गटाकडून शाळेच्या किंवा मंडळाच्या खात्यात देणगी घेऊ नका. एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल तर तो गुन्हा ठरतो. त्यांनी स्वतःच्या गाडीचे, हॉटेलचे पैसे परस्पर द्यावेत.

कार्यक्रमात एक दिवस भंगार ते चटई ठेवा, एक दिवस केळीच्या खोडाचा धागा. एक दिवस साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याला द्या. चैत्राम पवारांच्या पुढाकाराने गावकऱ्यांनी राखलेलं जंगल तिथे आहे. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. गावाला आधी विचारून, त्यांच्या सोयीने जा.

पाहुण्यांना बाटलीबंद पाण्याचे खोके आणून द्यायची आपल्याला फार हौस. कचऱ्यावरच्या शिबिरात दहाव्या दिवशी रिकाम्या बाटल्यांचा डोंगर उभा राहतो आणि पाहुणे गप्प बसतात. चांगल्या फिल्टरचं पाणी आणि प्रत्येकाला स्टीलची बाटली, एवढं पुरतं. कचरा वेचणाऱ्यांचे फोटो त्यांना विचारल्याशिवाय कुणालाही काढू देऊ नका, मग कॅमेरा कितीही महागडा असो.

पायरी ८: परत आल्यावर

शाल-नारळाचे सत्कार पहिल्या आठवड्यात उरकून घ्या आणि एकच काम हाती घ्या. माझी शिफारस अनामतीची आहे, कारण ती आपल्याकडे नवी नाही. गोटी सोड्याची बाटली आपण पिऊन परतच देत आलो. तामिळनाडूच्या निलगिरी जिल्ह्यात २०२२ पासून सरकारी दारूच्या दुकानात बाटलीमागे १० रुपये जादा घेतात आणि रिकामी बाटली आणून दिली की परत करतात. जंगलात काचा फुटू नयेत म्हणून ही योजना आली.

कॉलेजच्या गॅदरिंगला हे करून बघा. चहा-सरबताला कागदी कप बंद, भाड्याने आणलेले स्टीलचे पेले चालू. पेल्यामागे १० रुपये अनामत, टोकन देऊन. परतीचं टेबल विक्रीच्या टेबलापासून लांब आणि बाहेर पडायच्या वाटेवर ठेवा, नाहीतर दोन्ही रांगा एकमेकींत घुसतात. सुट्ट्या पैशांची थैली आदल्या दिवशी बँकेतून आणा, यूपीआयवर परतावा देत बसलात तर रांग हलणार नाही. पेले धुवायला दोन माणसं पैसे देऊन लावा, स्वयंसेवकांच्या उत्साहावर सोडू नका. आणि काही पोरं पेला परत आणणारच नाहीत. त्या अनामतीतून आधी हरवलेल्या पेल्यांची किंमत जाईल, उरलेले पैसे कुणाचे हे आधीच ठरवून फळ्यावर लिहून टाका. नाहीतर गॅदरिंग संपल्यावर विद्यार्थी प्रतिनिधी आणि कॅन्टीनवाले काका त्यावरूनच भांडत बसतील.